३० सप्टेंबरचा स्मृतिदिन: पहाटे ३.५६ ची तयारी

किल्लारीचा भूकंप १९९३ साली पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती आणि दगड-मातीच्या भिंती त्यांच्यावर कोसळल्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे १० हजार जीव गेले. श्रद्धांजली सकाळी दहाला ठेवली तर पाहुण्यांची सोय होते, पण ती घटका निसटते. म्हणून कार्यक्रम पहाटेच करा. तिथी दरवर्षी सरकते, तेव्हा घरचं श्राद्ध तिथीने होऊ द्या आणि गावाचा कार्यक्रम तारखेने.

सगळ्यात जास्त कष्ट नावांच्या यादीवर घ्यावे लागतात. महिनाभर आधी ती ग्रामपंचायतीत लावा आणि शेजारी पेन टांगा. सणाला माहेरी आलेली लेक हमखास सुटते, कारण सासरचे आणि माहेरचे दोघेही ती दुसऱ्या यादीत असेल असं धरून चालतात. बारसं न झालेलं बाळ गाळू नका. आईच्या नावापाठोपाठ ‘आणि तिचं बाळ’ असं वाचा. नावं घरवार वाचा. एका नावाला चार सेकंद धरले तर ५०० नावांना ३३ मिनिटं लागतात, म्हणजे वाचन ३.२० ला सुरू व्हायला हवं. उशीर झाला म्हणून घाईने वाचू नका, दोन गट करून वाचा.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. तो नसलेलाच बरा: माणसं जवळ सरकून बसतात. भोंगा, फटाका वाजवू नका. त्या रात्री ढिगाऱ्यातून निघालेली माणसं समोर बसलेली असतात. ३.५६ ला घंटेचा एकच टोला द्या, मग दोन मिनिटं स्तब्धता. वेळ मोबाइलवरची घ्या, भिंतीवरच्या घड्याळाची नको.

जुन्या गावठाणात जमणार असाल तर आदल्या दिवशी उजेडात वाट साफ करा. वेड्या बाभळींनी झाकलेल्या पडक्या विहिरी हा खरा धोका. त्यांना दोर बांधा आणि तिथे कंदील ठेवा. परतीचा पाऊस पणत्या विझवतो, म्हणून काचेचे दिवे घ्या.

उजाडल्यावर माणसं एकत्र आहेत तोवर गवंड्याला घेऊन उभी असलेली जुनी घरं पाहा. दगडी भिंतीला ओळंबा लावा. पोट आलं असेल तर आतला आणि बाहेरचा थर सुटत चालला आहे. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसले की असं होतं. मग माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छत, पाहा. १० बाय १० फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साधारण साडेचार टन वजन. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकली जाते आणि ओझं वाढत जातं. पत्रे घालायचे ठरलं तर आधी माती उतरवा. माळवदावरच पत्र्याचं छप्पर उभं केलं तर डोक्यावरचं ओझं तसंच राहतं.