चार चित्रं, एक शब्द: अडकताय? मग या चुका टाळा

पहिल्या चित्रात फुलांनी लगडलेलं झाड. दुसऱ्यात खडकातून फुटलेला झरा. तिसऱ्यात बॉलपेनातली बारीक वेटोळ्यांची तार. चौथ्यात हवेत झेपावलेला बेडूक. खाली ६ रिकाम्या चौकटी आणि १२ अक्षरं. फोनवरच्या या खेळात चारही चित्रांना लागू पडणारा एक इंग्रजी शब्द त्या अक्षरांतून चौकटींत भरायचा असतो.

यावर मी दोन दिवस घालवले. झाड, पाणी, तार आणि बेडूक एकत्र कुठे सापडतील, याचा विचार करत राहिलो. कुठेच सापडत नाहीत. उत्तर होतं ‘स्प्रिंग’: वसंत, झरा, तार आणि उडी, चौघांना इंग्रजीत एकच शब्द.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. आपण चित्रांमध्ये साम्य शोधतो आणि साम्य असतं ते शब्दात. लोटम या जर्मन कंपनीचा ‘फोर पिक्स वन वर्ड’ २०१३ साली आला, त्यानंतर त्याच धर्तीचे कितीतरी खेळ निघाले. सोपी कोडी साम्यावर सुटतात, पण खरी गंमत असते ती एका शब्दाच्या दोन-तीन अर्थांवर रचलेल्या कोड्यांत. मराठीत ‘वर’ म्हटलं की नवरदेव, देवाने दिलेलं वरदान आणि डोक्यावरची दिशा, तिन्ही येतात. त्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर परक्या माणसाला काय कळणार? इंग्रजी कोड्यासमोर आपण तोच परका माणूस असतो.

मराठीत विचार करणाऱ्याला इथे आणखी एक खड्डा आहे. डोक्यात आधी मराठी शब्द येतात आणि ते वेगवेगळे असतात, म्हणून चित्रांचा संबंधच नाही असं वाटतं. पीस आणि दिवा: हलकं आणि प्रकाश. उजवा हात आणि बरोबरची खूण. बर्फ आणि शिंकणारा माणूस: थंड आणि सर्दी. मराठीत प्रत्येक जोडीला दोन शब्द, इंग्रजीत एकेकच: लाइट, राइट, कोल्ड. यावरचा उपाय मला फार उशिरा सुचला. प्रत्येक चित्राखाली मनातल्या मनात मराठी शब्द लिहायचा आणि त्यातल्या सगळ्यात वेगळ्या दोघांसाठी चालेल असा इंग्रजी शब्द शोधायचा. सारख्या दिसणाऱ्या दोन चित्रांवर डोकं आपटू नका. कोडं फोडतं ते विजोड चित्र.

चित्रातल्या वस्तूचं नाव हेच उत्तर, असं धरून चालणंही तितकंच महागात पडतं. हसणारी चार माणसं हात मिळवताहेत, तर उत्तर ‘माणसं’ नसतं. ते ‘डील’ असेल, ‘टीम’ असेल, ‘शेक’ही असेल. क्रियापद आणि विशेषण यांची आठवण ठेवा. आणि चित्रावर बोट ठेवून ते मोठं करून पाहा. बहुतेक खेळांत ही सोय असते, आणि कोपऱ्यातली बारकी गोष्ट छोट्या चौकोनात दिसतच नाही.

स्पेलिंगचा घोळ

‘कलर’ हा शब्द सुचला, चौकटी मात्र ५. आपण शाळेत यू घालून ६ अक्षरी स्पेलिंग शिकलो, म्हणून शब्दच सोडून देतो. अनेक खेळ अमेरिकन स्पेलिंग वापरतात, तिथे यू नसतो. ‘टायर’ तर त्याहून फसवा: दोन्हीकडे ४ अक्षरं, फरक फक्त वाय की आय एवढाच. अमेरिकन स्पेलिंगमध्ये गाडीचा टायर आणि ‘थकणे’ हे क्रियापद हुबेहूब सारखं लिहितात, म्हणून चाकाशेजारी पेंगणारा माणूस दिसला तर गोंधळू नका.

दिलेलं प्रत्येक अक्षर एकदाच वापरता येतं, हे माहीत असूनही आपण विसरतो. सुचलेल्या शब्दात दोन एल हवेत आणि खाली एकच आहे, तर तो शब्द तिथेच बाद. उलट मात्र खरं नाही: खाली दोन ई दिसले म्हणून दोन्ही लागतीलच असं नाही, फसवायलाही टाकलेले असतात.

दोन चित्रं जोडून शब्द बनवायच्या खेळांचं तर्कशास्त्र निराळं आहे. तिथे अर्थ बाजूला ठेवा आणि मोठ्याने बोला. मधमाशी आणि पान, म्हणजे बी आणि लीफ: ‘बिलीफ’. इथे उच्चार जुळवायचा, स्पेलिंग मग चौकटी मोजून बसवायचं.

नाणी उधळू नका

खेळात मिळालेली नाणी खर्चून दाबायची मदतीची दोन बटणं सहसा असतात: एक अक्षर उघडणारं आणि जादा अक्षरं काढून टाकणारं. हाताला येईल ते दाबणं ही चूक. ४ अक्षरी शब्द असेल आणि १२ पैकी जादा ८ अक्षरं गेली, तर उरलेली ४ अक्षरं फार तर २४ प्रकारे मांडता येतात. ती कागदावरही तपासून होतील. ८ अक्षरी शब्दात मात्र जादा अक्षरं ४च आणि उरलेल्यांच्या मांडण्या ४०,३२० पर्यंत जातात. तिथे पहिलं अक्षर उघडणंच शहाणपणाचं. अर्थात त्याआधी फोन खाली ठेवून पाहा. भांडी घासताना सुटलेली माझी कोडी नाणी खर्चून सुटलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

नेटवर उत्तर शोधताना लेव्हलचा आकडा टाकू नका. तोच आकडा दुसऱ्याच्या फोनवर वेगळं कोडं दाखवू शकतो. चित्रांचं वर्णन किंवा चौकटींची संख्या टाकून शोधा.

खेळच नीट चालत नसेल तर

खेळ अडकला की लोक थेट काढून पुन्हा टाकतात. असंच करून मी एका खेळातली काही शे लेव्हल घालवली; खात्यात लॉगिन केलंच नव्हतं, तेव्हा दोष माझाच. आधी फोन बंद करून चालू करा, मग अपडेट पाहा, मग अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन खेळाची कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, साफ करा. शेजारचंच ‘क्लिअर डेटा’ दाबू नका, त्याने फोनवर साठवलेली प्रगती पुसली जाते.

जाहिरात पाहूनही नाणी आली नाहीत, तर बहुधा ती पूर्ण व्हायच्या आत बंद केलेली असते, नेट तुटलेलं असतं किंवा फोनवर जाहिराती अडवणारं काही चालू असतं. रोजचं कोडं लवकर मिळावं म्हणून फोनची तारीख पुढे सरकवू नका. सलग दिवसांची मोजणी त्यात बिघडू शकते.

नवीन फोन घेतल्यावर ‘रिस्टोअर पर्चेस’ दाबून जाहिराती बंद करण्याची खरेदी साधारणपणे परत मिळते, खर्च झालेली नाणी मिळत नाहीत. उरलेली नाणी हवी असतील तर जुना फोन पुसण्याआधीच खेळ खात्याशी जोडा आणि सेटिंग्जमधल्या प्लेअर आयडीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मदतीसाठी मेल केला की सहसा सगळ्यात आधी तोच विचारतात.