प्री-सेटल्ड स्टेटस, सरकारी भत्ते आणि आरोग्य विम्याची अट

प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळणारा मर्यादित काळाचा वास्तव्य परवाना) असूनही युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या किंवा बेरोजगार लोकांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज फेटाळला गेला, ही ब्रिटनमधल्या युरोपीय नागरिकांची नेहमीची तक्रार. या स्टेटसवर राहता येतं, काम करता येतं. भत्त्यासाठी मात्र राहण्याचा आणखी एक हक्क दाखवावा लागतो. नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय खरोखर चालू असेल, तर तो हक्क त्यातूनच मिळतो आणि विम्याचं कुणी विचारत नाही. विमा लागतो तो विद्यार्थ्यांना आणि स्वतःच्या पैशांवर राहणाऱ्यांना.

कागदपत्रं जमवण्याआधी एक हिशेब करा. ब्रिटनमधला सलग वास्तव्याचा काळ ५ वर्षं झाला असेल, तर आधी सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज करा. त्यात विमा विचारतच नाहीत, आणि ते मिळालं की भत्त्यासाठी वेगळा हक्क सिद्ध करावा लागत नाही. विम्याची उठाठेव उरते ती मागच्या काळातल्या दाव्यांपुरती.

तसा दावा असेल तर ५ वर्षांचा महिनावार तक्ता मांडा: कधी नोकरी, कधी शिक्षण, कधी दोन्ही नाही. बिननोकरीच्या महिन्यांसमोर विम्याचा पुरावा लिहा. मायदेशाने दिलेलं युरोपीय आरोग्य कार्ड तात्पुरत्या मुक्कामाचं, म्हणून ते बहुधा विद्यार्थ्यांच्याच कामाचं. पेन्शनरांना पेन्शन देणाऱ्या देशाकडून एस-१ फॉर्म मिळतो; उपचारांचा खर्च तो देश उचलेल, याचा तो पुरावा. साधी प्रवास विमा पॉलिसी सहसा तोकडी पडते.

यांपैकी काहीच नसेल तर? पूर्वी इथेच दावा बुडायचा, कारण एनएचएसची (ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेची) मोफत सेवा विमा म्हणून धरली जात नसे. १० मार्च २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने सी-२४७/२० या खटल्यात ते चुकीचं ठरवलं. उत्तर आयर्लंडमधल्या या प्रकरणात मुलगा आयरिश नागरिक होता, आई पाकिस्तानी. सार्वजनिक आरोग्यसेवेत मोफत सामावून घेतलेली व्यक्ती विमाधारकच, असा निकाल लागला. विम्याचं संरक्षण मात्र मुलाबरोबर त्याला सांभाळणाऱ्या पालकालाही हवं.

म्हणून एनएचएसमध्ये नोंदणी असल्याचं पत्र जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) घ्या. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मुख्य म्हणजे नोंदणीची तारीख हवी. नुसता एनएचएस क्रमांक कधीपासूनचा ते सांगत नाही. पत्ता बदलला असेल तर जुन्या जीपीचंही पत्र आणा. विम्याने जगण्यापुरते पैसे असल्याची अट सुटत नाही, त्यामुळे त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंटं किंवा जोडीदाराच्या पगाराच्या स्लिपा जोडा.

नकार आल्यास १ महिन्याच्या आत मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन (त्याच विभागाकडून निर्णयाचा फेरविचार) मागा आणि वरच्या खटल्याचा क्रमांक, सी-२४७/२०, अर्जातच लिहा. तिथेही नकारच आला, तर पुढच्या १ महिन्यात ट्रायब्युनलकडे (स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं.