गळकी झडप आणि बुडवलेली इंजेक्शनं: या चुका टाळा

"आता दम लागत नाही, मग इंजेक्शन कशाला?" र्‍हुमॅटिक हृदयविकारात (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या तापाने हृदयाची झडप बिघडते, त्या आजारात) सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दर 21 दिवसांनी मिळणारं बेन्झाथिन पेनिसिलिन झडपेची गळती थांबवत नाही. घशात पुन्हा स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग झाला की र्‍हुमॅटिक ताप उलटू शकतो आणि आधीच आखडलेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) आणखी बिघडते. इंजेक्शन असतं ते हे टाळायला. म्हणूनच झडपेत दोष राहिला असेल, तर ते किमान 10 वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर घ्यावं लागतं. झडप बदलली तरी सुटका नाही.

लोक ते बुडवतात, कारण दुखतं. औषध दुधासारखं पांढरं आणि दाट. बारीक सुई तुंबते आणि पुन्हा टोचावं लागतं. नीट हलवून, जाड सुईने, सावकाश दिलं तर त्रास बराच कमी होतो. लिग्नोकेनमध्ये (जागा बधिर करणारं औषध) मिसळून देता येईल का, हे सिस्टरना खुशाल विचारा. मात्र गळती तीव्र असून दम लागत असेल किंवा हृदयाचं पंपिंग कमी असेल, तर इंजेक्शनऐवजी गोळ्या द्यायच्या का हे हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू द्या.

दर वेळी एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) करायचा हट्ट सोडा. त्या आकड्यावरून झडपेची अवस्था कळत नाही. पैसे इकोसाठी (हृदयाची सोनोग्राफी) ठेवा, आणि तो रिपोर्टही जपून वाचा. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं) 55 टक्के दिसलं की घरच्यांना हायसं वाटतं. पण तीव्र मायट्रल गळतीत रक्त मागेही सहज पळतं, त्यामुळे आकडा फुगलेला असतो. 60 च्या खाली आला म्हणजे स्नायू थकू लागलाय. त्रास नसला तरी ऑपरेशनचा विषय तेव्हाच काढायचा.

पायांची सूज उतरली म्हणून लघवीची गोळी स्वतःहून बंद करू नका. रोज सकाळी वजन करा. पापड-लोणचं आवरा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकने सूज परतते, आणि सोबत अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर रक्तस्रावाचाही धोका. "आयएनआरची (रक्त गोठण्याची) तपासणी नको, रक्त पातळ करणारी नवी गोळी द्या" ही मागणीही सरसकट चालत नाही: 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात र्‍हुमॅटिक झडप आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असलेल्यांत रिव्हारोक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्याच सरस ठरल्या.

मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रामिप्रिल, एनालाप्रिल या हृदयाच्या गोळ्या गर्भाला घातक आहेत, आणि वॉरफरिनचंही नियोजन दिवस जाण्याआधीच करावं लागतं.