कथेचे घटक शिकवायचेत ना, मग आधी चिऊचं घर उन्हात ठेवा

नववी-दहावीला कथेचे घटक कसे शिकवले जातात ते आपल्या सगळ्यांना माहितीय, फळ्यावर कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन, आशय असं एकाखाली एक लिहायचं, प्रत्येकापुढे दोन ओळींची व्याख्या, पोरं उतरवून घेतात आणि बेल होते. मी पण बरीच वर्षं हेच केलं. व्याख्या पाठ व्हायच्या हो, चाचणीत मार्कही पडायचे, पण त्याच पोरांना कथा लिहायला दिली की पन्नास वह्यांमध्ये पन्नास वेळा "एका गावात एक गरीब शेतकरी राहत होता" आणि शेवटी "तात्पर्य: प्रामाणिकपणाचे फळ गोड असते". घटक वेगळ्या वहीत आणि कथा वेगळ्या वहीत, दोघांची गाठच पडत नव्हती.

आता मी जे करते ते सांगते, साधारण सहा तासांचं काम आहे, पस्तीस मिनिटांचा तास धरून. सूत्र एकच आहे. सगळ्या वर्गाला आधीपासून तोंडपाठ असलेली गोष्ट घ्यायची आणि त्यातला एकच घटक बदलायचा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, मग गोष्टीचं काय होतं ते पोरांनाच बघू द्यायचं. व्याख्या अगदी शेवटच्या तासाला, आणि ती पण त्यांच्याच तोंडून.

गोष्ट माहितीतलीच का, तर नवीन कथा वाचताना मुलांचं सगळं लक्ष पुढे काय होणार याकडे असतं आणि ते बरोबरच आहे, कथा त्यासाठीच असते. पण ती बनवलीय कशी हे बघायचं असेल तर शेवट आधीच माहीत असलेला बरा. म्हणून मी चिऊ-काऊची गोष्ट घेते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, धो धो पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, मग तो चिऊच्या दारात. पंधरा वर्षांची पोरं पहिली दोन मिनिटं हसतात, "मॅडम आम्ही काय बालवाडीत आहोत का", हसू द्या. गोष्ट तुम्ही सांगू नका, एका मुलाला उभं करून सांगायला लावा, मध्येच दुसरा म्हणेल आमच्याकडे असं नाही सांगत, आमच्या आजीच्या गोष्टीत काऊ गरम तव्यावर बसतो, तेही होऊ द्या. एकच गोष्ट घराघरात वेगळी सांगतात हे त्यांना कळणं हाच अर्धा धडा आहे.

पहिला बदल वातावरणाचा. पुस्तकात कथानक पहिलं असतं तरी मी इथूनच सुरू करते, कारण बदल चटकन दिसतो. फळ्यावर एवढंच लिहायचं: ठिकाण चंद्रपूर, महिना मे, पारा 45 च्या वर. पाऊस नाही. चिऊ, काऊ, दोघांची घरं, सगळं तेच. आता पुढची गोष्ट सांगा.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा वर्ग जवळजवळ मिनिटभर गप्प होता, आणि मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, मेणाचं घर वितळणार." बस, तिथून गोष्ट उलटी फिरली. मेण मऊ पडलं, भिंती कलल्या, चिऊ पिल्लांना घेऊन निघाली आणि गेली कुणाकडे, तर काऊकडे, कारण शेणाचं घर आत गार असतं, सारवलेल्या घरात झोपलेल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. आता दार ठोठावणारी चिऊ आणि आतून "थांब" म्हणणारा काऊ. नुसता ऋतू बदलला तर कोण गरजू आणि कोण घरधनी हे बदललं. वातावरण म्हणजे पहाटेची वेळ होती, मंद वारा वाहत होता, पक्षी किलबिलाट करत होते, असा जो समज असतो तो या एका तासात जातो. वातावरण म्हणजे पात्रांना काय करता येईल आणि काय नाही हे ठरवणारी जागा आणि वेळ. याच तासात वेळ उरला तर भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या आणि विचारा, म्हातारीकडे मोबाईल असता तर? लगेच उत्तर येतं, लेकीला कॉल केला असता. मग वाघ काय करणार? म्हणजे आजची गोष्ट लिहायची तर एकतर जंगलात रेंज नको, नाहीतर बॅटरी संपायला हवी, आणि ती का संपली हे आधी सांगून ठेवायला हवं. हे पोरं स्वतः शोधून काढतात, तुम्ही फक्त खडू धरून उभं राहायचं.

दुसरा तास कथानकाचा. इथे एक छोटी युक्ती आहे. मुलांनी लिहिलेल्या कुठल्याही कथेत "मग", "नंतर", "त्यानंतर" या शब्दांना पेन्सिलने गोल करायला सांगा. एकेका वहीत दहा-बारा गोल निघतात. आता प्रत्येक गोलाच्या जागी "म्हणून" नाहीतर "पण" बसतंय का बघा. बसलं तर ठेवा, नाही बसलं तर ती घटना तिथे कशाला आलीय हे विचारा. "राजू सकाळी उठला, मग त्याने दात घासले, मग तो शाळेत गेला, मग त्याला पाकीट सापडलं" यात दात घासण्याशी पाकिटाचा काही संबंध नाही. पण "राजूला उशीर झाला म्हणून तो मागच्या गल्लीने पळाला, पण तिथे पाकीट पडलेलं होतं" असं झालं की एका घटनेने दुसरीला हाताला धरून आणलं. म्हातारीच्या गोष्टीत बघा, "लेकीकडे जाईन, लठ्ठ होईन, मग मला खा" असं ती वाघाला जाताना सांगते म्हणून येताना भोपळा लागतो. जाताना दिलेला शब्द येताना आडवा येतो, यालाच कथानक म्हणायचं. संघर्षावर मी वेगळा तास घेत नाही, तो या "पण" मध्येच असतो, तिथे बोट ठेवून दाखवलं की पुरतं.

पात्रांसाठी गुणांची यादी अजिबात नको. प्रामाणिक, कष्टाळू, हुशार, प्रेमळ हे शब्द मी त्या आठवड्यात वर्गात चक्क बंद करते. त्याऐवजी पाच-पाच जणांचे गट करायचे, प्रत्येकाने मनातल्या मनात एक पात्र ठरवायचं आणि त्याच्या पिशवीत किंवा दप्तरात असलेल्या फक्त पाच वस्तू कागदावर लिहायच्या, नाव नाही, वय नाही, काही नाही. कागद शेजारच्या गटाला द्यायचा आणि त्यांनी सांगायचं की हा माणूस कोण. एका मुलीने लिहिलं होतं: सिम नसलेला जुना मोबाईल, किराण्याच्या उधारीची वही, दोन वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी, अर्धं खोडरबर, रुमालात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या गटाने वाचलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की ही मोठी बहीण आहे, घरचा हिशोब हिच्याकडे आहे, मोबाईलवर ही गाणी ऐकते, आणि रिबिनी वेगळ्या कारण नवीन जोडी धाकटीला दिली. रिबिनीचं तर लिहिणाऱ्या मुलीच्याही डोक्यात नव्हतं, पण ऐकल्यावर ती म्हणाली हो, तसंच आहे. त्या क्षणी वर्गाला कळलं की वाचणारा पण पात्र घडवतो, आपण सगळं सांगून टाकलं तर त्याला काही काम उरत नाही. मला या तासाइतका आनंद वर्षभरात दुसरा कुठला मिळत नाही, खरंच सांगते.

आता निवेदन. याला दोन तास द्या, एकात होत नाही. निवेदक आणि लेखक एकच असा मुलांचा पक्का समज असतो, "मी" दिसला की लेखकाचंच आयुष्य आहे असं धरून चालतात. पहिल्या तासाला परत चिऊ-काऊ. गोष्ट तीच, पाऊसही परत आणायचा, फक्त सांगणारा काऊ. दहा ओळी लिहा, "मी" वापरून. एका मुलाने सुरुवात केली होती, "माझं घर शेणाचं आहे हे मला पावसाळ्यापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं." मी ती ओळ फळ्यावर लिहून ठेवली आणि दिवसभर पुसली नाही. आपण लहानपणापासून ही गोष्ट चिऊच्या घरात बसून ऐकत आलोय, काऊला बाहेर भिजताना कुणी आतून बघितलंच नव्हतं, आणि घटना एकही न बदलता नुसता सांगणारा बदलला तर आपली बाजू बदलते. लिहून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, काऊला काय दिसतं आणि काय दिसत नाही? दाराच्या आत काय चाललंय हे त्याला माहीत नाही, त्याला फक्त आवाज येतोय. ज्यांनी काऊच्या तोंडी "आत चिऊ बाळाला तीट लावत होती" असं लिहिलं असेल त्यांना विचारा, त्याला कसं दिसलं? चूक म्हणू नका, विचारा फक्त.

दुसऱ्या तासाला मी श्यामची आई घेते, कारण ते बहुतेकांच्या घरात नाहीतर शाळेच्या लायब्ररीत असतंच. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 मध्ये पुस्तक आलं, 42 रात्री आहेत. पोरं विसरतात ती गोष्ट अशी की श्याम हे सगळं मोठा झाल्यावर आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगतोय. म्हणजे श्याम दोन आहेत, एक पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेला आणि आईचा मार खाणारा पोर, आणि दुसरा ती आठवण सांगणारा मोठा माणूस ज्याला आईने का मारलं ते कळून चुकलंय. मुलांना सांगा, तोच प्रसंग त्याच दिवशी संध्याकाळी लहान श्यामने वहीत लिहिला असता तर कसा लिहिला असता, फक्त आठ ओळी. त्यातली आई एकदम कठोर होते. कुणी बदलली आई? घटना तर तीच आहे. इथे वर्गात जी शांतता पसरते ना, ती मोडायची घाई करू नका.

संवादाबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण यात माझ्याकडून बऱ्याच पोरांवर अन्याय झालाय. "आये, भूक लागलीया" असं कुणी कथेत लिहिलं की मी लाल पेनाने "आई, मला भूक लागली आहे" करायचे. शुद्धलेखन म्हणून. त्याचा परिणाम असा झाला की सगळी पात्रं पाठ्यपुस्तकासारखी बोलायला लागली, आजी पण आणि चोर पण. आता मी वर्गाला सरळ सांगते, निवेदन प्रमाण मराठीत लिहायचं असेल तर लिहा पण अवतरण चिन्हाच्या आत माणूस जसा बोलतो तसाच बोलू द्या, मालवणी असेल, वऱ्हाडी असेल, अहिराणी असेल. गृहपाठ असा की घरातल्या दोन माणसांचं पाच मिनिटांचं बोलणं कान देऊन ऐकायचं आणि जमेल तेवढं शब्दाला शब्द उतरवायचं (आधी घरच्यांना विचारून, भांडण असेल तर नको). लक्षात येतं की माणसं विचारलेल्याचं उत्तर देतच नाहीत. एक विचारतो पैसे भरले का, दुसरी म्हणते चहा गार होतोय. चिऊ तरी काय करते, "थांब, बाळाला अंघोळ घालते", "थांब, आंगडं घालते", नाही म्हणतच नाही, आणि प्रत्येक "थांब" ला बाहेरचा पाऊस वाढतो.

आशय शेवटी आणि थोडक्यात. तात्पर्य आणि आशय यांची गल्लत काढण्यासाठी मी तात्पर्य लिहायलाच लावते पण प्रत्येकाला वेगळं. मग फळ्यावर एकाच चिऊ-काऊची सात-आठ तात्पर्यं होतात: घर पक्कं बांधा, शेजाऱ्याला मदत करा, अनोळखी माणसाला दार उघडू नका, आई पिल्लांचं आधी बघते, गरिबाला ताटकळत ठेवू नये. यातलं खरं कुठलं असं विचारलं की भांडण लागतं, लागू द्या, फक्त एक अट, गोष्टीतली ओळ दाखवून भांडायचं.

मग सहाव्या तासाला सात शब्द फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकापुढची व्याख्या पोरांना सांगायला लावायची. पुस्तकातल्या व्याख्येशी ताडून बघा, फार फरक नसतो. परीक्षेचं म्हणाल तर दहावीच्या पेपरात कथालेखन उपयोजित लेखनात येतं, मुद्द्यांवरून, अपूर्ण कथेवरून वगैरे, आणि तिथे जागा कमी असते. म्हणून दोनच पात्रं, एकच ठिकाण आणि सुरुवात घटनेच्या अगदी जवळून, "दार वाजलं" इथून, गावाच्या वर्णनापासून नाही. शीर्षक आणि तात्पर्य मागितलं असेल तर द्यायचंच, मार्क सोडायचे नाहीत. बारावीला युवकभारतीत कथेचा वेगळा भागच आहे, तिथे याच पोरांना पुढे सोपं जातं.

तपासताना एका वेळी एकच घटक तपासा. या आठवड्याला फक्त निवेदन, तर शुद्धलेखनाला हात लावायचा नाही, ते पुढच्या वेळी. पंचावन्न वह्या असल्या की हेच परवडतं आणि मुलाला पण नेमकं काय सुधारायचं ते कळतं. शेरा म्हणून "छान" लिहू नका, त्याच्याच कथेतल्या आवडलेल्या एका ओळीखाली रेघ मारा आणि समासात एक प्रश्न लिहा. काऊवाल्या मुलाच्या वहीत मी लिहिलं होतं, "मग पावसाळा आल्यावर कुणी सांगितलं?" दुसऱ्या दिवशी तो अजून दोन पानं लिहून घेऊन आला, मी मागितली नव्हती.