नव्याने आलेल्यांसाठी: आपल्या माइनक्राफ्टच्या जगात घर कशाचे बांधावे

यंदाच्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या आपल्या भागात चार नवी मराठी कुटुंबे राहायला आली, मुले शाळेत जाऊ लागली आणि पहिल्याच पंधरवड्यात त्या चारही घरांतून मला एकच विचारणा झाली, की मुलांना तुमच्या त्या सामायिक जगात घ्याल का. अवश्य घेऊ. मी २०१४ साली वाईहून इथे आले. त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही काही कुटुंबांनी मिळून माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून बांधकाम करायच्या संगणकावरच्या खेळात, हे जग सुरू केले आणि डिसेंबरात, जेव्हा उजेड जेमतेम सहा तास असतो, तेव्हा मुलांबरोबर आम्ही मोठी माणसेही संध्याकाळी तिथेच भेटतो. हा खेळ याच शहराचा आहे. मार्कुस पेर्सोन यांनी २००९ मध्ये त्याचे पहिले रूप लोकांसमोर ठेवले, पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये आली आणि तो घडवणारी मोयांग ही कंपनी आजही स्टॉकहोममध्येच आहे. त्यामुळे इथल्या वर्गातल्या मुलांशी तुमच्या मुलाची पहिली ओळख बहुधा याच विषयावरून होईल, आणि म्हणून तो त्याला नीट यावा असे मला मनापासून वाटते.

इथे मी फक्त बांधकामाच्या सामानाविषयी सांगणार आहे, कारण नवीन मुले अडतात ती तिथेच. आल्याबरोबर त्यांच्या मनात एका पांढऱ्याशुभ्र टोलेजंग बंगल्याचे चित्र असते, त्याला लागणारे सामान आसपास कुठेच नसते, आणि मूल आठवडाभर रानोमाळ भटकून शेवटी कंटाळते. पहिले घर, तुम्ही जिथे उतराल त्या जमिनीतून जे निघते त्याचेच बांधावे, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे कोकणात जांभ्याचे चिरे, देशावर काळा दगड आणि मराठवाड्यात पांढऱ्या मातीची माळवदे का, याचे जे उत्तर आहे तेच या जगातही लागू पडते.

आधी हिशेब मांडावा. इथला प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असतो आणि बहुतेक ठोकळे ६४ च्या गठ्ठ्यात राहतात. मुले त्याला स्टॅक म्हणतात. बाहेरून नऊ बाय नऊ आणि चार ठोकळे उंच असे साधे घर धरले, तर चारही भिंतींना १२८ ठोकळे लागतात, जमिनीला ८१ आणि सपाट छताला ८१, म्हणजे एकूण २९०, साधारण साडेचार स्टॅक. एका ओंडक्यातून चार फळ्या निघतात, तेव्हा सगळे घर लाकडी करायचे ठरवले तर सुमारे ७३ ओंडके तोडावे लागतील. हा हिशेब मुलाकडून कागदावर करून घ्या. माझ्या धाकट्याचे पाढे असेच पक्के झाले.

लाकूड सगळ्यांत आधी हाती येते, कारण त्याला हत्यारसुद्धा लागत नाही. आपल्या जगात ज्या बाजूला नवीन कुटुंबांना जागा दिली आहे तिथे स्प्रूसचे रान आहे, म्हणजे इथे खिडकीतून दिसतात तीच सूचिपर्णी झाडे, आणि त्यांच्या फळ्या गडद तपकिरी, शांत रंगाच्या निघतात. चार रोपे चौकोनात एकमेकांना चिकटून लावली की एकच जाड आणि फार उंच झाड उभे राहते व त्याच्यातून साधारण एक-दोन स्टॅक लाकूड मिळते. ज्यांना इथल्या खेड्यांतली ती तांबडी लाकडी घरे आवडली असतील त्यांनी दलदलीतल्या मॅन्ग्रोव्हच्या, म्हणजे खारफुटीच्या, फळ्या वापराव्यात. त्या मुळातच लालसर असतात. प्रत्यक्षात त्या घरांचा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या मातीपासून बनतो, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांना आपले घर अधिक आपले वाटते.

लाकडाचा दोष एकच, पण मोठा आहे: ते पेटते. आमच्या दुसऱ्या वर्षी मी हौसेने दिवाणखान्यात शेकोटी केली. खाली नेदरमधून, म्हणजे खेळातल्या पाताळासारख्या आगीच्या जगातून, आणलेला नेदररॅक हा दगड ठेवला, कारण त्याच्यावरची आग विझत नाही, आणि तिन्ही बाजूंना व्यवस्थित दगड लावला. मात्र वर तीन ठोकळ्यांच्या अंतरावर फळ्यांचे छत तसेच ठेवले. आग बाजूला जेवढी पसरते त्यापेक्षा वर जास्त लांब पोहोचते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी शेतातला गहू काढून परत आले तेव्हा छत गेले होते, माळ्यावरच्या पुस्तकांच्या कपाटांचा पत्ता नव्हता आणि चार दगडी कोपरे तेवढे उभे होते. शेकोटी हवीच असेल तर धुराड्यासकट पूर्ण दगडाची करा, किंवा सरळ कॅम्पफायर नावाचा तयार ठोकळा ठेवा. त्याची आग आजूबाजूला पसरत नाही. नेदरमधल्या क्रिमसन आणि वॉर्प्ड या दोन झाडांचे लाकूड अजिबात पेट घेत नाही, परंतु ते आणायला जाण्याइतकी तयारी पहिल्या महिन्यात नसते.

दगडासाठी टिकाव लागतो, ज्याला मुले पिकॅक्स म्हणतात. लाकडी टिकावाने दगड निघतो, दगडी टिकावाने लोखंड आणि तांबे, लोखंडीने हिरा, आणि ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची कठीण काळी काच, काढायची तर निदान हिऱ्याचा टिकाव हवा. ही उतरंड चुकवून चालत नाही, कारण कमी प्रतीच्या टिकावाने खनिज फुटते खरे, पण हातात काहीच येत नाही. खोदलेला दगड कॉबलस्टोनच्या, म्हणजे ओबडधोबड गोट्याच्या रूपात मिळतो. तो भट्टीत भाजला की अखंड दगड होतो आणि त्याच्यापासून घडीव दगडी विटा करता येतात. एका कोळशावर आठ नग भाजून निघतात आणि प्रत्येक नगाला दहा सेकंद लागतात, तेव्हा एका स्टॅकला आठ कोळसे आणि पावणेअकरा मिनिटांच्या आतबाहेर वेळ धरावा. खेळातला पूर्ण दिवस वीस मिनिटांचा असतो, म्हणून संध्याकाळी भट्ट्या भरून ठेवणे सोयीचे पडते.

पायऱ्या आणि कोरीव नग करताना क्राफ्टिंग टेबलाऐवजी, म्हणजे वस्तू बनवायच्या नेहमीच्या टेबलाऐवजी, स्टोनकटर हे दगड कापायचे यंत्र वापरा. टेबलावर सहा ठोकळ्यांतून चारच पायऱ्या निघतात. स्टोनकटरवर एका ठोकळ्याला एक पायरी मिळते. तीन दगड आणि लोखंडाची एक कांडी एवढ्यात ते यंत्र तयार होते, आणि पहिल्याच दिवशी आपला खर्च वसूल करून देते.

माझी आवड विचाराल तर मी घराचे जोते नेहमी डीपस्लेटचे घेते. हा जवळजवळ काळा दगड खोल, शून्य पातळीच्या खाली लागतो आणि फोडायला साध्या दगडाच्या दुप्पट कठीण जातो, तरी त्याच्या विटांना कृष्णेच्या घाटावरच्या पायऱ्यांचा रंग आहे. आपल्या जगात नदीकाठी जो घाट दिसेल तो त्याचाच आहे. खराखुरा बेसॉल्ट, ज्याने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून आपला सह्याद्री घडवला, तो या खेळात २०२० पासून आहे, पण मुख्यतः नेदरमध्ये. खेळातल्या नेहमीच्या जगात तो ॲमेथिस्टच्या, म्हणजे जांभळ्या स्फटिकांच्या, पोकळ्यांभोवती गुळगुळीत कवचाच्या रूपात सापडतो. कोणाला किल्ल्याचा बुरूज बांधायचा असेल तर त्याने त्यासाठी जरूर कष्ट घ्यावेत.

कोणता माल किती टिकाऊ, याचे एक प्रमाण मुलांना पाठ असते आणि ते मोठ्यांनीही लक्षात ठेवावे, कारण रात्री क्रीपर, म्हणजे जवळ येऊन स्वतःचाच स्फोट करणारा राक्षस, दारात फुटला की त्याचीच परीक्षा होते. स्फोटाला तोंड देण्याची क्षमता काँक्रीटची १.८, फळ्यांची ३, टेराकोटाची म्हणजे भाजलेल्या मातीची ४.२, दगड, पक्क्या विटा व तांब्याची ६ आणि ऑब्सिडियनची १२०० आहे. नवीन मुले सुबक दिसते म्हणून सगळे घर काँक्रीटचे करू पाहतात आणि नावावरून ते सर्वांत मजबूत असेल असे धरून चालतात; या जगात ते फळीपेक्षाही लवकर ढासळते. दर्शनी भागाला रंगीत काँक्रीट शोभते, पण त्याच्या आत दगडाचा एक थर घ्यावा.

आता ज्या सामानावर माझा सर्वांत जास्त जीव आहे त्याकडे येते. २०२२ मध्ये खेळात चिखल आणि त्याच्या विटा आल्या. बाटलीत पाणी भरून ते साध्या मातीवर ओतले की चिखल होतो. चिखलात गहू मिसळला की घट्ट गारा बनतो आणि अशा चार गाऱ्यांच्या चार विटा होतात. माझ्या आजोळी गाऱ्यात भुसा तुडवून कच्च्या विटा पाडत असत. तीच कृती माझा मुलगा स्टॉकहोममध्ये बसून करतो आहे हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी त्याला हातातले काम थांबवायला लावून आजोळच्या अंगणाची सगळी हकीकत सांगितली. भुशाचे तंतू मातीला धरून ठेवतात आणि वाळताना वीट तडकू देत नाहीत, म्हणून तिथे भुसा लागतो आणि म्हणूनच खेळातही गहू लागतो. आपल्या नऊ बाय नऊच्या घराच्या भिंतींना १२८ गारे, म्हणजे १२८ गहू लागतील, तेव्हा आधी नदीकाठी शेत करावे. ही वीट आगीला दाद देत नाही, तिचा रंग उबदार असतो आणि स्प्रूसच्या गडद खांबांशेजारी ती फार खुलते. मजबुतीत ती फळीएवढीच आहे, म्हणून जोते मात्र दगडाचे ठेवा. उरलेला चिखल वाया घालवू नये: ज्या ठोकळ्याच्या खालून टोकदार ड्रिपस्टोन, म्हणजे गुहेत असतो तसा दगडी सुळका, लोंबतो आहे त्याच्यावर चिखल ठेवला की हळूहळू पाणी निथळून त्याची चिकणमाती होते, आणि ती भाजून पक्क्या विटा करता येतात.

वाळू, रेव आणि काँक्रीटची कोरडी पूड हे तीन ठोकळे खालचा आधार गेला की कोसळतात. खेळातल्या वाळवंटातून आलेल्या एका मुलाने आपल्या तळघराचे छत नकळत वाळूखालीच कोरले आणि शेवटचा दगड काढताच सगळी खोली, पेट्यांसकट, वाळूने भरून गेली. आम्ही सर्वांनी फावडी घेऊन दोन संध्याकाळी ती उपसली. छत कोरण्यापूर्वी वर काय आहे ते पाहावे. काँक्रीटसाठी चार वाळू, चार रेव आणि एक रंग एवढ्यात आठ ठोकळे पूड होते आणि तिला पाणी लागले की ती जागीच कठीण बनते, म्हणून पूड रचून शेजारी पाणी सोडणे सोपे जाते. काचेविषयी इतकेच, की ती फुटली तर परत मिळत नाही. खिडक्या सर्वांत शेवटी बसवा.

छतासाठी मी सर्वांना तांबे सुचवते. २०२१ मध्ये आलेला हा धातू पहिल्यांदा नारिंगी झळाळतो आणि मग चार अवस्थांतून जात शेवटी निळसर हिरवा होतो. स्टॉकहोमच्या जुन्या शहरातल्या अनेक इमारतींची हिरवी छपरे तुम्ही पाहिली असतील. ती तांब्याचीच आहेत आणि हवेने तशी झाली आहेत. खेळात हा बदल आसपास कोणी खेळत असेल तेव्हाच पुढे सरकतो, त्यामुळे ज्याच्या घराभोवती वर्दळ जास्त त्याचे छप्पर लवकर हिरवे होते. ज्या अवस्थेचा रंग आवडला त्या अवस्थेत मधाच्या पोळ्याचे मेण चोळले की तो रंग कायम राहतो, आणि मागे यायचे असेल तर कुऱ्हाडीने एक एक थर खरवडता येतो, जसे आपण चिंच लावून तांब्याचा हंडा पुन्हा लख्ख करतो. तांबे महाग पडते असे ऐकाल, कारण एका ठोकळ्याला नऊ कांड्या लागतात. पण स्टोनकटरवर त्या एका ठोकळ्याचे आठ अर्धे ठोकळे निघतात, म्हणजे ८१ च्या छताला अकरा ठोकळे, ९९ कांड्या पुरतात. शिवाय जागेच्या खालच्या अर्ध्यात बसवलेल्या अर्ध्या ठोकळ्यांवर राक्षस उपजत नाहीत, त्यामुळे छतावर मशाली लावाव्या लागत नाहीत. घरात मात्र कोपरान् कोपरा उजळा. २०२१ नंतरच्या आवृत्त्यांत राक्षस फक्त पूर्ण अंधारात निपजतात.

उंच काम करताना मातीचे खांब रचून चढू नका. सहा बांबू आणि एक दोरा यांत सहा नग परांची होते, उडी मारून तिच्यातून वर चढता येते, वाकून खाली उतरता येते, आणि काम संपल्यावर सर्वांत खालचा नग काढला की वरची सगळी परांची सुटून खाली येते. मुंबई-पुण्याकडे बांबूची परांची ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नवीन कुटुंबांच्या चार जागा नदीच्या पलीकडे, घाटासमोर आखून ठेवल्या आहेत. सामायिक कोठारात डाव्या हाताच्या पहिल्या पेटीत प्रत्येक घरासाठी एक दगडी टिकाव, एक कुऱ्हाड, सोळा मशाली, स्प्रूसची चार रोपे आणि गव्हाचे एक स्टॅक बी ठेवले आहे. झाड तोडले की त्याच जागी रोप लावायचे एवढा एकच नियम आम्ही इतकी वर्षे पाळत आलो आहोत, आणि म्हणूनच ते रान अजून तिथे आहे. शनिवारी दुपारी चार वाजता मी घाटावर असेन. मुलांनी येताना तो कागदावरचा हिशेब बरोबर आणावा.