डेटा कॅटलॉगच्या ओपन सोर्स प्रकल्पात फ्रंट-एंडचं काम कसं सुरू करावं

डेटा कॅटलॉग म्हणजे संस्थेतल्या डेटाची शोधता येणारी सूची. ती उघडणाऱ्याला थोडंच हवं असतं: विक्रीचे आकडे नेमक्या कोणत्या टेबलात आहेत, ते टेबल कोण सांभाळतं आणि त्यावर विसंबून अहवाल करता येईल का. उत्तर बहुतेक वेळा कॅटलॉगमध्ये असतंच. पण नाव अर्ध्यावर छाटलेलं असतं, मालकाचं नाव तिसऱ्या टॅबमागे लपलेलं असतं, आणि शोधणारा कंटाळून सहकाऱ्याला मेसेज टाकतो. ही अडचण फ्रंट-एंडवाल्यानेच, म्हणजे पडद्यावरचा भाग लिहिणाऱ्यानेच, सोडवायची असते. तरीही “मला काफ्कासारखी डेटाची साधनं येत नाहीत, डेटा इंजिनिअरिंग येत नाही” असं म्हणून कितीतरी चांगले डेव्हलपर या प्रकल्पांकडे फिरकत नाहीत. सुरुवात करायला त्यातलं काहीही यावं लागत नाही.

१. आपल्या हाताला बसेल असा प्रकल्प निवडा

लिंक्डइनने २०२० मध्ये खुला केलेला डेटाहब, ओपनमेटाडेटा आणि लिफ्टमध्ये जन्मलेला अमुंडसेन या तिघांचेही पडदे रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये आहेत. सरकारी खुल्या डेटाच्या पोर्टलांसाठी जगभर वापरला जाणारा सीकॅन वेगळा आहे. त्यात पायथनच्या बाजूने जिंजा टेम्पलेट (एचटीएमएलचे साचे) रेंडर होतात आणि जावास्क्रिप्ट बेताचीच आहे. एचटीएमएल-सीएसएस पक्कं असेल आणि रिअ‍ॅक्टचा कंटाळा असेल, तर सीकॅनकडे जरूर जा.

निवडताना गिटहबवरचे स्टार मोजू नका. गेल्या महिन्यात बाहेरच्या माणसांच्या किती पुल रिक्वेस्ट (कोड बदलाचे प्रस्ताव) मर्ज झाल्या, म्हणजे स्वीकारल्या गेल्या, ते पाहा. परवानाही वाचून ठेवा: डेटाहब आणि ओपनमेटाडेटा अपाची २.० खाली आहेत, सीकॅन एजीपीएल या जास्त कडक अटींच्या परवान्याखाली. नोकरीत असाल तर कंपनीला आधी विचारलेलं बरं.

२. आपल्या मशीनवर चालवा

इथेच बरेच जण गळतात, कारण कॅटलॉग म्हणजे एकटा सर्व्हर नव्हे. डेटाबेस, सर्च इंजिन असा सगळा लवाजमा सोबत येतो. म्हणून सगळं सोर्समधून बिल्ड करायच्या भानगडीत पडू नका. बॅकएंड (मागचा सर्व्हरचा भाग) डॉकरच्या तयार इमेजवर, म्हणजे आधीच बांधलेल्या पॅकेजवर, चालू द्या आणि फक्त फ्रंट-एंडचा डेव्ह सर्व्हर आपल्या कोडवरून चालवा. डेटाहबमध्ये तयार अ‍ॅप ९००२ पोर्टवर असतं आणि रिअ‍ॅक्टचा डेव्ह सर्व्हर ३००० वर चालून बॅकएंडसाठीच्या विनंत्या ९००२ कडे पाठवतो. डॉकरला ८ जीबी मेमरी देऊन ठेवा, नाहीतर सर्च इंजिन मध्येच मान टाकतं आणि दोष आपल्या कोडचा वाटत राहतो.

३. त्रासदायक डेटा भरा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सोबत येणारा नमुना डेटा शहाणा असतो: छोटी नावं, प्रत्येकाला वर्णन, पाच-सात कॉलम. खऱ्या संस्थेत असं काही नसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलाचं नाव ६३ बाइट्सपर्यंत जातं, स्नोफ्लेक या डेटा वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या मोठ्या साठ्यात) २५५ अक्षरांपर्यंत आणि तशाच बिगक्वेरीत थेट १०२४ बाइट्सपर्यंत. डिझाइन करणाऱ्याने मात्र वीस अक्षरं धरून जागा सोडलेली असते.

म्हणून एक रिकामा पोस्टग्रेस डेटाबेस घ्या. त्यात चारशे कॉलमचं एक टेबल बनवा. शेवटच्या चार अक्षरांतच फरक असलेली लांब नावाची दोन टेबलं बनवा. एकाला वर्णनच देऊ नका, एकाला देवनागरीत द्या. मग हे सगळं कॅटलॉगमध्ये इन्जेस्ट करा, म्हणजे त्याची माहिती आत ओढून घ्या, आणि अर्धा तास डेटा विश्लेषक होऊन शोधाशोध करा. जिथे अडखळाल तिथे स्क्रीनशॉट घ्या. देवनागरी वर्णनात वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जात असतील, तर ओळीची उंची कमी ठेवून ओव्हरफ्लो लपवल्याची ती खूण आहे. इंग्रजीत तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

४. कोड लिहिण्याआधी बोला

सापडलेली अडचण आधी कोणी नोंदवली आहे का, ते बघा. नसेल तर इश्यू (अडचणीची नोंद) उघडा: काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आणि तो डेटा तयार करायचं एसक्यूएल. मोठा बदल सुचवायचा असेल तर मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) होकाराशिवाय हात घालू नका. मी एकदा फिल्टरची अख्खी बाजूपट्टी दोन आठवडे खपून नव्याने लिहिली होती. त्याच भागाचं नवं डिझाइन आतल्या टीमकडे तयार होतं, त्यामुळे पुल रिक्वेस्ट बंद झाली. एका प्रश्नाने ते दोन आठवडे वाचले असते.

आणि पहिल्याच खेपेला लिनिएजच्या आलेखाला (डेटा कुठून कुठे जातो ते दाखवणाऱ्या चित्राला) हात लावू नका. दिसायला तो सर्वात आकर्षक असतो, पण आतून सर्वात गुंतागुंतीचा.

५. दुरुस्ती: एका लांब नावाची गोष्ट

समजा शोधाच्या यादीत लांब नाव कार्डाबाहेर सांडतं आहे. सीएसएसमध्ये एलिप्सिस (छाटलेल्या मजकुराचे ठिपके) लिहिलेलं आहे, तरी ते लागू होत नाही. कारण बहुधा असं: फ्लेक्सच्या (सीएसएसच्या मांडणी पद्धतीच्या) आतल्या घटकाची मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात ऑटो असते, त्यामुळे तो मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. ती शून्य करा, ठिपके येतील.

पण इथे थांबू नका. आपली ती दोन टेबलं आठवा. ठिपके शेवटी आले की दोन्ही नावं अगदी सारखी दिसतात, आणि चुकीचं टेबल उघडलं जातं. वेअरहाउसमधल्या नावांत फरक बहुधा शेपटीतच असतो: तारीख, आवृत्ती, कच्चं की शुद्ध. म्हणून नाव मधून छाटायला हवं. सीएसएसमध्ये त्याची सरळ सोय नाही. नावाचे दोन स्पॅन करून पहिला आक्रसू द्यायचा आणि शेवटची दहा-बारा अक्षरं तशीच ठेवायची.

आता नाव निवडून कॉपी करून पाहा. दोन स्पॅन फ्लेक्सचे स्वतंत्र घटक झाल्यामुळे पेस्ट करताना मध्ये ओळ तुटू शकते. जावास्क्रिप्टने छाटलं असतं तर ठिपकेच क्वेरीत गेले असते. विश्लेषक हे नाव थेट एसक्यूएलमध्ये चिकटवणार आहे, तेव्हा शेजारी पूर्ण नाव कॉपी करणारं बटण द्या. पूर्ण नाव फक्त माउस नेल्यावर दिसत असेल, तर कीबोर्ड आणि टचवाल्यांना ते कधीच दिसत नाही. बटणावर फोकस आल्यावरही ते दिसू द्या. फिकट करड्या अक्षरांचा मोह आवरा, साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो.

६. पुल रिक्वेस्ट पाठवा

एका रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. एडिटरने आपोआप फॉरमॅट केलेल्या चाळीस फायली त्यात घुसल्या, तर तपासणारा खरा बदल शोधत बसतो. लांब नावाची एक टेस्ट जोडा. पडद्यावरचा नवा शब्द थेट कोडमध्ये न लिहिता भाषांतराच्या फाइलमध्ये टाका. आधीचं-नंतरचं चित्र लावा, अरुंद खिडकीतलंही. शीर्षकाची आणि कमिटवरच्या साइन-ऑफची (बदलाखालच्या सहीची) पद्धत प्रकल्पागणिक बदलते. काँट्रिब्युटिंगची फाइल (योगदानाच्या नियमांची) दहा मिनिटं वाचलीत तर आपोआप होणाऱ्या तपासण्या पहिल्याच फेरीत पास होतात.

७. रिव्ह्यूला उत्तर द्या

उत्तर यायला दिवस लागतात. आठवडा गेला तर एकदा नम्रपणे आठवण करा. “आपल्याकडे यासाठी आधीच कंपोनंट आहे” हा शेरा आला तर आनंदाने तो वापरा. तुमचा सुटा तुकडा पुढे सांभाळायचा भार मेंटेनरवर पडणार असतो. शेरा पटला नाही तर तोच डेटा भरून काढलेला स्क्रीनशॉट दाखवा, लांबलचक वादापेक्षा तो लवकर पटतो.

मर्ज झाल्यावर त्रासदायक डेटाची स्क्रिप्ट जपून ठेवा. पुढची आवृत्ती आली की तीच चालवा, आणि या वेळी शोधाच्या चौकटीत पटापट टाइप करून पाहा. आधीच्या अक्षरांचं उत्तर उशिरा येऊन नव्या यादीवर बसलं, तर तुमचा दुसरा इश्यू मिळाला. जुनी विनंती ब्राउझरच्या अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलरने रद्द करायची आहे.