वर्ध्याच्या पिनकोडपासून नंबर थिअरी

बी.एस्सी.ला गणित घेतलेली आमच्या वर्धा जिल्ह्यातली पोरं विचारतात, नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचं गणित, कुठून सुरू करू? मी सांगतो, वर्ध्याचा पिनकोड घ्या, ४४२००१, आणि त्याचे मूळ अवयव पाडा. तालुक्याच्या कॉलेजात लायब्ररी कितीही रोडावलेली असो, एसटी फाट्यावर येईस्तोवर हाती वेळ भरपूर असतो.

२, ३, ५ नजरेनेच बाद होतात. मग ७, ११, १३ या तिघांची एकच कसोटी, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे पाडून वजाबाकी करा: ४४२ − १ = ४४१. याला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही. मूळच्या संख्येचंही तसंच. हुशार पोरं नेमकी इथे घसरतात. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, त्याला ४९ नेही भाग जातो, मग ४४२००१ लाही जाणारच, असं ठोकून देतात. जात नाही. १००१ मध्ये ७ एकदाच येतो, त्यामुळे ४९ बद्दल ही कसोटी काहीच बोलत नाही. कसोटी पाठ करण्याआधी ती का चालते ते एकदा लिहून काढा.

७ ने भागल्यावर येतात ६३१४३. आता रटाळ काम. २५२ चा वर्ग ६३५०४, म्हणजे २५१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. १३१ ने भागल्यावर बाकी १ उरते, तेव्हा जीव हळहळतो. शेवटी २३३ ने भाग जातो आणि २७१ उरतात, दोन्ही मूळ. १७ पासून इथवर ४५ भागाकार होतात. रूमवरचा एखादा म्हणेलच, "कायले डोकं खपवतं बे, मोबाइलवर टाक ना!" टाका, पण ताळा करायला. वर्गमूळापाशी का थांबायचं, हे भागाकार करून कंटाळलेल्यालाच पक्कं कळतं.

४४२००१ = ७ × २३३ × २७१ एवढं हाती आलं की बाकीचं भराभर सुटतं. विभाजक २ × २ × २ = ८. त्यांची बेरीज ८ × २३४ × २७२ = ५०९१८४. ऑयलरचं फाय फलन, म्हणजे ४४२००१ पेक्षा लहान आणि तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती, ६ × २३२ × २७० = ३७५८४०; हे सीएसआयआर नेट या प्राध्यापकी-संशोधनाच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातही आहे.

मला सगळ्यात आवडतो तो दोन वर्गांचा प्रश्न. या संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ती दोन पूर्ण वर्गांची बेरीज असेल असं वाटतं. पण ४ ने भागून बाकी ३ उरणारी मूळ संख्या अवयवांत सम वेळा यावी लागते; ७ आणि २७१ या दोघांची बाकी ३, आणि दोघेही एकेकदाच आलेले. तेवढ्यानेच ती शक्यता संपते. इथून फर्माच्या दोन वर्गांच्या प्रमेयाकडे वळा, पुस्तक तेव्हा उघडा.

नंतर यवतमाळचा ४४५००१ घ्या. अंकांची बेरीज १४, तुकड्यांची वजाबाकी ४४४, म्हणून ३, ७, ११, १३ सगळे बाद. १७ पासून पुढे तुमचं तुम्ही करा.